यंत्राची खांदशेकणी

सिंदी मेघे म्हटले की परगावचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे तान्ह्या पोळ्याची सिंदी ना?" नव्हे. ती सिंदी रेल्वे. आमची सिंदी वर्ध्याला खेटून आहे आणि तिला पोळ्याचे नाव नाही; पण एक नैतिक प्रश्न मात्र आहे. तो कॉलनीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा असतो.

हा प्रश्न म्हणजे हिरवळीला भोके पाडायचे यंत्र. ज्या हरळीपायी शेतकरी जन्मभर कंबर मोडून घेतो, तीच हरळी आम्ही कॉलनीवाले पैसे मोजून लावतो. मग तिच्यावर चालून चालून माती दडपतो आणि मुळांचा श्वास कोंडला की हे यंत्र बाहेर काढतो. त्याचे पोकळ दाते जमिनीत घुसतात आणि मातीच्या बोटभर कांड्या उपसून टाकतात. गांडूळ हेच काम फुकट करते. आमची काळी माती तर उन्हाळ्यात आपण होऊन अशी भेगाळते की पोराची गोटी गेली की गेलीच! पण हिरवळीला रोज पाणी. तिला भेगाळायची मुभा नाही.

यंत्र चालते वर्षातून २ दिवस. प्रश्न उरलेल्या ३६३ दिवसांचा. दात्यांतली ओली माती लगेच धुतली नाही तर तिची वीट होते. टाकीतले पेट्रोल काढले नाही तर कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. बेअरिंगला ग्रीस नसले तर ते किंचाळते. सारे मिळून तासाभराचे काम. पण पुढच्या वेळी यंत्र दुसऱ्याच्या देखरेखीखाली असणार, मग आपला तास का घालवा? दसऱ्याला मात्र हळदकुंकू, झेंडूचा हार! पाकळ्या चेनीत अडकतात, त्या काढायलाही कुणी फिरकत नाही. सर्व्हिसिंग म्हणजे शेवटी सेवाच की हो, आणि सेवाग्राम इथून सायकलने जाण्याइतके जवळ!

गांधीजींच्या चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. चरखा १५० रुपयांच्या आत बसावा, २० वर्षे चालावा आणि सुट्या भागांचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, अशा अटी. यंत्र जन्मायच्या आधीच त्याच्या दुखण्यांचा हिशेब! बक्षीस कुणालाच मिळाले नाही, हा भाग वेगळा.

"यंत्राला कुठे दुखते?" आमच्याकडचे एक काका विचारतात. खरे आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा तूप-हळदीने चोळतात, तो त्याला दुखतो म्हणून. की त्याने पुढे वखर नीट ओढावा म्हणून? काकांच्या मते दुसरेच. मला दोन्ही खरी वाटतात, आणि त्याने बैलाचे काही बिघडत नाही. यंत्राच्या बाबतीत खांदा दुखतो तो माळ्याचा. दाते गंजले की यंत्र जमिनीत शिरायचे सोडून उड्या मारते आणि माळी दोन्ही हातांनी ते दाबून धरतो. बेअरिंग किंचाळते, माळी किंचाळत नाही, म्हणून ऐकू येत नाही, इतकेच.

हे काकांना सांगितले तर म्हणाले, "मग माळ्यालाच सांगा ना ग्रीस लावायला!"

ग्रीसचा डबा कपाटात, आणि कपाटाची किल्ली काकांकडे.