खोडवा

कागल तालुक्यातल्या एका कॉलेजच्या व्हरांड्यात डिसेंबरातल्या एका सकाळी तिघांची गाठ पडली. धाकटीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेला शेतकरी बाप, त्याचा थोरला मुलगा आणि रसायनशास्त्राच्या मॅडम. प्लेसमेंट सेलचं कामही मॅडमांकडेच होतं.

त्यांना बघून मुलगा खांबाआड सरकला होता. मॅडमांनीच हाक मारली. 2022 साली तो बी.एस्सी. झाला. टायट्रेशनला त्याच्याइतका स्थिर हात वर्गात कुणाचा नव्हता.

"हल्ली काय करतोस?"

"मोबाईलच्या दुकानात आहे, मॅडम." त्याची नजर फरशीवरच होती.

बाप म्हणाला, "पोराच्या शिक्षणाजोगं काही काम असंल तर सांगा की, मॅडम."

"काका, त्याला पास होऊन दोन वर्षं झाली. कंपन्या येतात त्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी."

मॅडम खोटं बोलत नव्हत्या. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात त्या-त्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांची माहिती द्यावी लागते : किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढं शिकायला गेले. अहवाल गेला की यादी कपाटात जायची.

बाप थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमचा ऊस गेल्या आठवड्यात तुटला. रान मोकळं दिसतंय, पर आमी पाठ फिरवत न्हाई. बुडखं जमिनीबरोबर छाटतो, पाचट सरीत दाबतो, पाणी देतो. कुठं नांग्या पडल्या तर भरून घेतो. नवं बेणं न्हाई, नांगरट न्हाई, तरी त्याच बुडख्यातनं दुसरं पीक येतं. खोडवा म्हणतो आमी. तोडणी झाली म्हणून लगीच पाणी तोडलं, तर लागणीला घातलेला पैसा निम्मा वाया गेला की!"

मॅडमांना उत्तर सुचलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या याद्या काढल्या आणि एकेका नावाला फोन लावायला सुरुवात केली. कुणी स्पर्धा परीक्षेच्या दोन-तीन प्रयत्नांनंतर घरी बसलं होतं. कुणी लग्न होऊन इचलकरंजीला गेली होती आणि आता आपला कॉलेजशी काय संबंध, असं समजून होती. दर शुक्रवारी चारनंतर जुन्या विद्यार्थ्यांसाठी खोली उघडी राहील, असं मॅडम प्रत्येकाला सांगत गेल्या.

पहिल्या शुक्रवारी चौघं आली. खांबाआड लपलेला मुलगा मात्र त्यात नव्हता. पुढचा शुक्रवार गेला, त्याच्या पुढचाही. मॅडमांनी पुन्हा फोन केला. "लाज वाटते, मॅडम. बरोबरची पोरं कुठल्या कुठं गेली," तो म्हणाला.

तेव्हा मॅडमांना बापाच्या बोलण्यातली राहिलेली अर्धी गोष्ट उमगली. बुडखा काही विहिरीकडे चालत येत नाही. पाणीच त्याच्यापर्यंत न्यावं लागतं. त्या शनिवारी त्या स्वतः मोबाईलच्या दुकानात गेल्या.

मुलगा आला. त्याच्या बायोडेटात नाव, पत्ता आणि टक्के एवढंच होतं. मॅडमांनी त्याला द्रावणं बनवण्याचा सराव लिहायला लावला. दुकानातला दोन वर्षांचा मालाचा हिशेबही लिहायला लावला, कारण प्रयोगशाळेतही प्रत्येक बाटलीची नोंद ठेवावीच लागते. चार शनिवार प्रयोगशाळेत ब्युरेट हातात देऊन त्याचा विसरलेला हात परत बसवला. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा असला, तरी 2014 च्या दुरुस्तीनंतर इंजिनिअरिंगबाहेरच्या पदवीधरांनाही त्याखाली घेता येतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मॅडमांनी त्याच्यासोबत बसून पोर्टलवर नोंदणी केली.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं त्याला गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत वर्षभरासाठी शिकाऊ म्हणून घेतलं. विद्यावेतन दुकानातल्या पगारापेक्षा फारसं जास्त नव्हतं, पण अंगावर पांढरा कोट होता आणि हातात पुन्हा ब्युरेट. वर्ष संपल्यावर कारखान्यानं त्याला कायम ठेवून घेतलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी चारच्या सुमाराला मॅडमांचा फोन वाजला. "मॅडम, आमच्या लॅबमध्ये दोन शिकाऊ घ्यायचेत. साहेबांनी मला विचारलं, मी कॉलेजचं नाव सांगितलं. इचलकरंजीच्या ताईंना पाठवता का?"

मॅडमांनी यादी उघडली. खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या साखर कारखान्याकडे निघाल्या होत्या. मागं राहिलेल्या रानात कुणीतरी पाण्याचं दार उघडत होतं.

तात्पर्य : पदवी ही तोडणी आहे, शेवट नव्हे. ज्यानं लागण केली, त्यानंच तोडणीनंतरही पाणी द्यायचं असतं. आणि जो सुकत चालला आहे तो मागायला येत नाही, म्हणून पहिलं पाऊल देणाऱ्यानं टाकायचं असतं.