तूट कोणाच्या ताटातली?

सरकारने मिळकतीपेक्षा जास्त खर्च केला, तर त्याची किंमत कोणी मोजायची? मॉरिशससारख्या छोट्या बेटावर हा प्रश्न फार काळ टाळता येत नाही.

सरकार कर्ज काढून पगार आणि अनुदानं वाढवतं. लोकांच्या हाती पैसा येतो. पण तांदूळ, गहू, पेट्रोल सगळं बोटीने येतं, म्हणून त्या पैशातला मोठा भाग परदेशी जातो. लोकांनी तेवढी बचत वाढवली नाही, तर अर्थसंकल्पातल्या तुटीपाठोपाठ व्यापारातली तूटही वाढते. अर्थशास्त्रात यांना ‘जुळ्या तुटी’ म्हणतात.

१९७०च्या दशकाच्या मध्याला साखरेला चढा भाव होता, तेव्हा मॉरिशस सरकारने हात सैल सोडला. भाव उतरले, खर्च उतरला नाही. १९७९ आणि १९८१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन करावं लागलं.

अवमूल्यन हाही एक करच. पण त्यावर कोणी मत दिलेलं नसतं. ज्याची बचत परदेशी चलनात आहे तो सुटतो, ऊस तोडणारा मजूर महाग तांदूळ घेतो.

मग ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ एवढंच म्हणायचं का? त्याच काळात तिथे माध्यमिक शिक्षण मोफत झालं. वाढत्या मुलाचे पाय अंथरुणाबाहेर जाणारच. म्हणून तूट हे पाप नव्हे. तिचा भार कोणावर पडणार, हे मतं मागताना न सांगणं, हा मात्र अन्याय आहे.