टपाल हलवताना

ई-मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर ‘हलवली’ असे आपण म्हणतो. हा शब्द आम्हाला फसवा वाटतो. घर बदलताना कपाट उचलले की जुन्या घरात त्याच्या पायांचे ठसे तेवढे राहतात. ई-मेलच्या बाबतीत काहीच उचलले जात नाही. नव्या जागी पत्राची नक्कल लिहिली जाते, मग जुन्या प्रतीवर ‘काढून टाकावे’ अशी खूण होते आणि त्यानंतर ती पुसली जाते. टपाल सर्व्हरवरच ठेवून कुठूनही वाचता यावे म्हणून मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्डला आयमॅप ही पद्धत आखली. तिच्यात ‘हलवा’ ही आज्ञा प्रमाण म्हणून २०१३ साली आली, आणि तीही एकाच सर्व्हरच्या आत चालते. दोन सर्व्हरांमध्ये आजही नक्कल आणि पुसणे एवढेच आहे. म्हणजे ज्याला आपण स्थलांतर म्हणतो, त्यात एक कृती नाश करण्याची असते. ती कोणाच्या अधिकारात करायची?

हा प्रश्न आमच्या साहित्य मंडळापुढे आला तो जुन्या कंपनीने टपालसेवा बंद करत असल्याचे कळवले तेव्हा. २००२ पासूनची पत्रे तिथे होती. बैठकीत पहिली सूचना आली की एवढा कचरा न्यायचा कशाला? कामाचे तेवढे निवडा, बाकी तिथेच राहू द्या. सूचना व्यवहारी होती. पण निवडायचे म्हणजे वाचायचे आले. त्या पेटीत साभार परत केलेल्या कवितांवरचा संताप होता, मानधनाची भांडणे होती, कुवेतहून रोमन लिपीत लिहिलेली मराठी पत्रे होती. आणि एका भगिनीने घरच्या छळाविषयी लिहून ‘माझे नाव कुठेही येऊ देऊ नका’ अशी विनंती केली होती. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचतो, पाकीट फोडत नाही. इथे मात्र सर्व पेट्यांचे पासवर्ड स्थलांतर करणाऱ्या एकाच तरुणाच्या हाती द्यावे लागले.

पत्र कोणाचे, हा वाद जुना आहे. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीची पत्रे एडमंड कर्ल या प्रकाशकाने परवानगीवाचून छापली. १७४१ साली न्यायालयाने निवाडा दिला, की कागद ज्याला पत्र आले त्याचा, पण शब्द लिहिणाऱ्याचे. आजही साधारण हीच समजूत चालते. आता ई-मेलला हा निवाडा लावून पाहा. तिथे कागदच नाही! मग पत्र घेणाऱ्याच्या मालकीचे उरले काय? आम्हाला वाटते, फक्त सांभाळणे उरले. आपल्या घरांत ज्याला अमानत म्हणतात तेच हे. अमानत ठेवणारा गाठोडे उघडून ‘यातले मला बरे वाटले ते ठेवले’ असे म्हणत नाही.

म्हणून सगळे न्यायचे ठरले. पण सगळे नेऊनही काय काय गळते ते पाहिले, तेव्हा सांभाळणे सोपे नाही हे कळले. पत्राच्या आत लिहिणाऱ्याकडची तारीख असते, आणि सर्व्हर स्वतःकडे पत्र पोचल्याची वेगळी तारीख ठेवतो. नक्कल करताना ही दुसरी तारीख मुद्दाम सांगितली नाही, तर नवा सर्व्हर आजचीच टाकतो. पोचण्याच्या तारखेने लावले की वीस वर्षांचे टपाल एका दुपारी आल्यासारखे दिसते. शिवाजी, शुषा अशा जुन्या फॉन्टांत टंकलेली पत्रे तर अक्षर न अक्षर पोचली आणि तरी वाचता येईनात, कारण फॉन्ट पत्रासोबत प्रवास करत नाही. ती रूपांतर करून वाचता येतील. पण मूळ प्रतही ठेवावी लागेल, कारण रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात.

यावर एक आक्षेप आहे आणि तो आम्हाला खरा वाटतो. शब्द लिहिणाऱ्याचे असतील, तर त्याला ते नष्ट व्हावे असे वाटत असण्याचीही शक्यता आहे. हॉटमेलच्या दोन एमबीच्या काळात जागेसाठी पुसावेच लागे; २००४ साली जीमेलने एक जीबी दिली आणि विसरण्याची सवय सुटली. सर्व काही कायम ठेवणे हीसुद्धा खयानत होऊ शकते. त्या भगिनीला आम्ही तिच्या जुन्या पत्त्यावर विचारले. पत्र परत आले, तो पत्ता आता अस्तित्वात नाही. तिचे पत्र पुसावे असे काहींचे म्हणणे पडले. आमचे मत असे, की पुसायचेच तर ते एक पत्र समोर ठेवून, त्याच्यापुरता विचार करून पुसावे. सर्व्हर बदलण्याच्या गडबडीत ते आपोआप गळून जाऊ देऊ नये. तूर्त ते बंद फोल्डरमध्ये आहे आणि त्याचा पासवर्ड दोघांकडेच आहे.

दोन्हीकडची पत्रे फोल्डरवार मोजून झाली. ‘पाठवलेली’ या फोल्डरमध्ये अकरांचा फरक येतो आहे. कंपनीने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे, आणि तोवर जुन्या जागचे काहीही पुसायचे नाही असे ठरले आहे.