नांव बदलणाराचें कर्तव्य

वस्तु तीच राहिली आणि तिचें नांव मात्र पालटलें, तर त्यांत कोणाचें काय बिघडलें? वरवर पाहतां हा प्रश्न शब्दच्छल वाटतो. परंतु जी वस्तु सरकारदरबारीं कागदावरील नांवावांचून ओळखतांच येत नाहीं, आणि जिच्यावर कोणाचें तरी पोट अवलंबून आहे, तिच्याविषयीं हाच प्रश्न नीतीचा होतो. शेतजमीन ही अशी वस्तु आहे. आणि या प्रश्नाचा विचार करण्यास पुणें जिल्ह्यांतील इंदापूर व बारामती हे तालुके जितके सोयीचे, तितके दुसरे क्वचितच असतील.

मराठेशाहींत या भागांतील जमीन काठी, पांड, बिघा या मापांनीं मोजली जाई, आणि गांवांतील थळें बहुधा मूळ मिराशी घराण्यांच्या नांवानें ओळखलीं जात. इंग्रजी अमलांत प्रिंगलसाहेबांच्या पाहणीवरून १८३० च्या सुमारास बसविलेले दर रयतेस झेपले नाहींत. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं इंदापुरांत नवी व्यवस्था लाविली; १८३६ सालीं तेथें सुरू झालेली ती जमाबंदी पुढें साऱ्या मुंबई इलाख्यास कित्ता झाली. बिघ्याच्या जागीं एकर आला, पांड जाऊन तेहेतीस फूट चौरसाचा गुंठा आला, मातीच्या नऊ प्रती ठरल्या, आणि घराण्याच्या नांवाऐवजीं शेतास सर्व्हे नंबर मिळाला. पुढें १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर अनेक गांवीं सर्व्हे नंबराचाही गट नंबर झाला. नांगर मात्र त्याच मातींत चालत राहिला.

आज तिसरें नामांतर चाललें आहे, आणि तें यंत्राच्या हातून होत आहे. नकाशा आतां संगणकांत असतो. त्यांतील प्रत्येक तुकड्यामागें एक तक्ता असतो व तक्त्याच्या रकान्यांना नांवें असतात: गट नंबर, क्षेत्र, आकार, पोटखराबा. एका खात्याचा नकाशा दुसऱ्याच्या नमुन्यांत उतरवावयाचा म्हणजे हीं नांवें बदलावीं लागतात. तुकडे हजारोंनीं असल्यावर हें हातानें कोण करणार? म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे यंत्रास दिलेली लेखी आज्ञावली, तयार करतात. अमुक नांव दिसल्यास तमुक लिही, इतकेंच तिचें सांगणें. आणि काम क्षणांत होतें.

पोटखराब्याचेंच उदाहरण घेऊं. त्याचे दोन वर्ग आहेत. खडकाळ वगैरे असल्यामुळें लागवडीस अयोग्य ठरलेली जमीन ती ‘अ’ वर्गाची. खातेदारानें मेहनत करून ती सुधारली तर ती लागवडीखालीं येऊं शकते. रस्ता, ओढा, पाणवठा अशा सार्वजनिक उपयोगाची ती ‘ब’ वर्गाची. तिच्यावर नांगर धरतां येत नाहीं. आतां नकाशांच्या देवघेवींत फार रूढ असलेल्या शेपफाइल नामक नमुन्यांत रकान्याचें नांव दहा रोमन अक्षरांहून लांब चालत नाहीं. आणि रोमन लिपींत ‘पोटखराबा’ हा शब्दच बरोबर दहा अक्षरें घेतो! पुढचा ‘अ’ किंवा ‘ब’ कापला जातो, दोन्ही रकान्यांचें नांव एकच होऊं पाहतें, आणि फार तर यंत्र दुसऱ्याच्या शेपटीस एक आंकडा जोडून मोकळें होतें. क्षेत्राचे आंकडे शाबूत राहतात. पण शेतकऱ्याची जमीन कोणती आणि गांवाचा रस्ता कोणता, हें सांगणारें एक अक्षर गेलेलें असतें. यापुढें जो तक्ता वाचील तो अंदाज करील. आणि त्या अंदाजाची चूक ज्याच्या बांधावर जाऊन पडेल, त्याला ती कोठून आली हें कदाचित् कधींच कळणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ‘अर्थ जाणणाऱ्यास नांवाची काय गरज? बारामतीच्याच मोरोपंतांनीं रामकथा नाना परींनीं गायिली. त्यांच्या निरोष्ठ रामायणांत तर ओष्ठ्य व्यंजनेंच वर्ज्य, म्हणजे “राम” हें नांव घेण्याचीही सोय नाहीं. तरी कथा कोणाची, याची कोणास शंका आली?’ आक्षेप मार्मिक आहे, पण तो आमचेंच म्हणणें सिद्ध करतो. पंतांना नांव गाळतां आलें, कारण कवि व श्रोता या दोघांच्याही अंतरीं राम आधींच होता. महसुली तक्ता वाचणाऱ्याचा त्या शेताशीं असा पूर्वपरिचय नसतो. रकान्याच्या मथळ्यावांचून त्याला दुसरा साक्षीदार नाहीं.

शिवाय, कागदावरील शब्दांवर ज्याची सत्ता चालत नाहीं त्याचा धीर कसा सुटतो, हें याच टापूनें पाहिलें आहे. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें जो उठाव झाला व पुढें पसरला, त्यांत रयतेचा मुख्य रोख सावकारांच्या वह्यांवर आणि कर्जखतांवर होता. आपल्याला वाचतां न येणारा कागद आपली जमीन नेतो, हें दुःख तिला पुरतें कळलें होतें.

तथापि सारा दोष यंत्राच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. जुन्या कारकुनाचा हात कोठें घसरला हें त्याच्यामागें कळणें कठीण असे. स्क्रिप्टची प्रत्येक करणी तिच्याच ओळींत लिहिलेली असते. ती चुकली तर हजार ठिकाणीं सारखीच चुकते, पण म्हणूनच ती चूक शोधतां येते व हजार ठिकाणीं सुधारतांही येते. मात्र त्या ओळी कोणीतरी जपून ठेविल्या पाहिजेत.

तेव्हां नांव बदलणाराचें कर्तव्य आमच्या मतें तीन गोष्टींत येतें. ज्या रकान्याचा अर्थ आपणांस कळला नाहीं, त्याचें नांव जाणत्यास विचारल्यावांचून बदलूं नये. जेथें दोन नांवांचें एक होत असेल, तेथें थांबावें व दोघांना वेगळीं ओळखतां येतील अशीं आंखूड नांवें स्वतः ठरवावीं. आणि जुनें नांव व नवें नांव शेजारीं शेजारीं लिहिलेली यादी नकाशाबरोबर पुढच्यास द्यावी, म्हणजे ज्याला मागें जावयाचें त्याला वाट सांपडेल. ही यादी जोडण्यास घटकाभर वेळ लागतो. ती न जोडल्यास जो घोटाळा होईल तो निस्तरण्यास इंदापुरच्या एखाद्या कुणब्याला कचेरीच्या किती खेपा घालाव्या लागतील, याचा हिशेब कोणत्याही रकान्यांत लिहिला जात नाहीं.