माफीला चाल लावली तेव्हा

मुक्ता : आत्या, हे बघच. कॉलीन बॅलिंजर, अमेरिकेतली यूट्यूबर. अल्पवयीन चाहत्यांशी नको तसं बोलत होती, असे आरोप 2023 च्या जूनमध्ये झाले. तर बाईंनी युकुलेली घेऊन दहा मिनिटं गाणंच म्हटलं! सल्लागारांनी बोलू नको सांगितलंय, गाऊ नको असं कुठे सांगितलंय, म्हणे.

आत्या : मग तुम्ही काय केलंत?

मुक्ता : काय करणार, धमाल! आमच्या ग्रुपवर एकीने थकलेल्या भाड्याची माफी त्याच चालीवर गायली.

आत्या : आरोप करणाऱ्यांपैकी कुणी काय सांगितलं होतं, आठवतं?

मुक्ता : ...नाही.

आत्या : वाद्य मात्र आठवतं.

मुक्ता : पण खिल्ली उडवली नसती तर ते खपून गेलं असतं! नोव्हेंबरमध्ये परत आली तेव्हा तिलाच त्या व्हिडिओची लाज वाटत होती.

आत्या : व्हिडिओचीच ना? तू तो अ‍ॅश्टन कुचर आणि मिला कुनिस या हॉलिवूडच्या नट-नटीचा दाखवला होतास, तोही तसाच. त्यांचा जुना सहकलाकार डॅनी मास्टरसन दोन बलात्कारांत दोषी ठरला आणि या दोघांनी त्याच्या चांगुलपणाची पत्रं न्यायाधीशांना लिहिली. त्याला 30 वर्षं ते जन्मठेप झाली, पत्रं बाहेर आली, मग हे दोघे लाकडी भिंतीसमोर बसून आळीपाळीने दिलगीर. लोक हसले कशाला? भिंतीला, बिनमेकअपच्या चेहऱ्यांना. पुढच्या खेपेला भिंत बदलतील! नटाला नाटक जमलं नाही म्हणून हसलात, तर तो तालीम वाढवणार.

मुक्ता : मग काय, गप्प बसायचं? पीआरवाले पेढे वाटतील.

आत्या : हसा की. पण आठवड्याभरात कुचरने थॉर्नचं, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध काम करणाऱ्या आपल्याच संस्थेचं, अध्यक्षपद सोडलं. त्यावर किती मीम पाहिलेस?

मुक्ता : त्यात हसण्यासारखं काय आहे? आणि तेही दबावाखालीच सोडलं असेल.

आत्या : असेना. कोर्टात हयात गेली माझी. थकबाकी जमा झाली की देणेकरी मनातून द्रवला का, हे मी कधी विचारलं नाही. खुर्ची सोडली, काहीतरी मोजलं. मला चालतं.

मुक्ता : तुला चालतं गं. पण देणं तुझं होतं का? खटल्यातल्या त्या बायकांना चालतं का, ते ना तू विचारलंस, ना आम्ही.