दोन हात आणि पंचवीस लेकरं

मराठवाड्यातल्या एका अंगणवाडीत गेलो होतो. खिचडी खाऊन झाली होती. सतरंजीवर काही मुलं पेंगत होती, काही गाढ झोपली होती. त्यांच्या उशाशी लोखंडी कपाट आणि कपाटावर पातेली, ताटं, जुना वजनकाटा. बोलता बोलता मी ताईंना विचारलं, "जमीन हलली तर आधी कोणाला उचलाल?" ताई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मुलांवरून एकदा नजर फिरवली. आपण काय विचारून बसलो, हे मला तेव्हा उमगलं.

त्या भागात भूकंप हा पुस्तकातला शब्द नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ती गेली बहुतेक आपल्याच घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचं ओझं. भिंतीचे दोन पदर एकमेकांशी बांधणारे आडवे दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. पदर सुटले आणि माळवद खाली आलं. बांधताना जे राहून गेलं, त्याची भरपाई झोपलेल्या लेकरांनी केली.

शाळेतल्या मुलांना सांगता येतं, बाकाखाली शिरा, डोकं झाका, बाकाचा पाय घट्ट धरा. पाळणाघरातल्या दीड वर्षाच्या बाळाला काय सांगणार? घाबरलं की ते आपल्या माणसाला बिलगणार, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून त्याच्यासाठीची खबरदारी त्याच्या समजुतीवर सोडता येत नाही. ती खोलीतच असावी लागते.

जपानने हे ओळखलं. तिथल्या पाळणाघरांना महिन्यातून किमान एकदा बाहेर पडण्याचा सराव करावाच लागतो, तसा नियम आहे. हात लागताच अंगाची गोळी करणारा एक किडा असतो. धक्का बसला की त्याच्यासारखं व्हा, असं मुलांना खेळता खेळता शिकवतात. आपल्या मुलांना पैसा किडा दाखवला तरी पुरे. १९९५ च्या कोबे भूकंपात घरातल्या जड सामानाखालीही माणसं दगावली, म्हणून कपाटं भिंतीला जखडण्यावर तिथे भर असतो. आणि चालता न येणाऱ्या बाळांसाठी असते उंच कठड्याची, चाकांची गाडी. त्यात पाच-सहा बाळं उभी करायची आणि एकाच बाईने ती ढकलत मोकळ्या जागेत न्यायची.

मला त्या गाडीत मोठी नीती दिसते. कोणाला उचलायचं आणि कोणाला मागे ठेवायचं, हा निवाडा दोन हातांच्या बाईवर येऊ नये, म्हणून कोणीतरी आधीच बसून विचार केला आहे. आपण मात्र तो निवाडा मानधनावर राबणाऱ्या सेविकेवर आणि मदतनीस मावशींवर सोपवून मोकळे होतो. उद्या त्यांनी जिवावर उदार होऊन चार मुलं वाचवली तर त्यांना देवदूत म्हणू, शाल-श्रीफळ देऊ. त्या सत्कारात आपली हयगय झाकली जाईल आणि पाचव्या मुलाची आठवण त्या माउलीला जन्मभर जाळेल.

करायचं आहे ते फार थोडं. कपाट पट्ट्या आणि स्क्रूने पक्क्या भिंतीला बांधायचं. जड भांडी खालच्या फळीवर ठेवायची. सतरंजी काचेच्या खिडकीपासून दूर अंथरायची. दारातली पोती हलवायची. इमारत नवी असेल तर तिच्या भिंती जोडणाऱ्या पट्ट्या बांधकाम चालू असतानाच स्वतः जाऊन बघायच्या. यातलं काहीच फोटोत दिसणार नाही, कशाचंही उद्घाटन होणार नाही. बोलता न येणाऱ्यांची काळजी ही अशीच, कोणी न बघता घ्यावी लागते.

मी ताईंना विचारलेला प्रश्न चुकीच्या माणसाला विचारलेला होता. तो सरपंचांना, ठेकेदाराला, पालकांना आणि मला स्वतःलाही विचारायला हवा होता, आणि वेगळ्या शब्दांत: ते कपाट भिंतीला कधी बांधणार?