मशीनचा करार

तालुक्याच्या गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सुनंदाताई बारा वर्षं टेक्निशियन होत्या. डीएमएलटी करून लागल्या तेव्हा जे पद, तेच बारा वर्षांनंतरही. लॅबचे मालक असलेल्या सरांनी मध्यंतरी मोठं ॲनालायझर मशीन घेतलं. त्याच्या देखभालीचा करार दरवर्षी वाढीव रकमेने व्हायचा आणि सर घासाघीस न करता सही ठोकायचे. मशीन बंद तर लॅब बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक.

एका संध्याकाळी शेजारच्या नर्सिंग होममधून नमुना आला. पोटॅशियम ९.१. नव्या पोराने कंट्रोल तपासले, सगळे बरोबर. तो डॉक्टरांना कळवायला फोन उचलणार, तोच ताईंची नजर कॅल्शियमवर गेली: ४.२. हे आकडे खरे असते तर पेशंट केव्हाच आयसीयूत असता. चौकशी केली तर गडी खाटेवर बसून चहा पीत होता.

"सिस्टर, लाल टोपणाच्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं ओतलंत का?"

पलीकडून चाचरत "हो" आलं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमचा क्षार. शिवाय ते कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हणून एक आकडा चढला, दुसरा कोसळला. मशीनने बिचाऱ्याने नळीत होतं तेच मोजलं. पुन्हा रक्त घेतलं, पोटॅशियम ४.३ निघालं. पोटॅशियम उतरवायला त्या धडधाकट माणसाला इन्सुलिन टोचलं असतं तर?

सरांनी पेढे आणले. ताईंनी पगाराचा विषय काढला. महिन्यापूर्वी लागलेल्या पोराच्या आणि त्यांच्या पगारात फरक दोन हजारांचा.

"मार्केट रेटच तेवढा आहे हो," सर म्हणाले. "आणि सीनियर म्हटलं काय नि न म्हटलं काय, काम तेच ना!"

(केंद्राने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, हे खरं. पण खासगी लॅबमधली बढती अजून मालकाच्या मर्जीवरच.)

ताईंनी कराराची फाइल पुढे सरकवली. "याच्या वाढीला कधी मार्केट रेट लावलात, सर?"

सरांनी फाइल कपाटात ठेवली.

पुढच्याच महिन्यात ताई जिल्ह्याच्या ठिकाणी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सुपरवायझर म्हणून रुजू झाल्या. सरांनी जाहिरात दिली: अनुभवी टेक्निशियन पाहिजे. पगार ताईंनी मागितला होता त्याहून जास्त. आलेले सगळे अर्ज नुकत्याच पास झालेल्यांचे होते.